तत्त्वज्ञानात ‘ऑनर्स’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चार वर्षांची पदवी आली आणि ‘ऑनर्स’ हा जुनाच शब्द पुन्हा कानावर पडायला लागला. तीन वर्षांनी थांबायचं की चौथं करायचं? क्रेडिटची बेरीज जुळते का? ‘ऑनर्स’ आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ यांत फरक काय? विषय रसायनशास्त्र असेल तर निदान डोळ्यांसमोर काही येतं: प्रयोगशाळा, निरीक्षणांची वही, प्रकल्प. विषय तत्त्वज्ञान असला की विद्यार्थी आणि पालक दोघंही अडखळतात. पुस्तकं वाचायची, विचार करायचा, मग यात ‘ऑनर्स’ म्हणून वेगळं काय करायचं असतं?

अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली तर गोंधळ वाढतोच. तर्कशास्त्र सक्तीचं, प्राचीन तत्त्वज्ञान सक्तीचं, नीतिशास्त्राचा एक पेपर, ज्ञानमीमांसेचा (ज्ञान म्हणजे काय आणि ते कसं मिळतं याच्या विचाराचा) एक, मग काही पर्यायी पेपर आणि शेवटी प्रबंध. एकाखाली एक नावं, पण त्यांचा आपसात संबंध काय ते कुणी सांगत नाही. मला ही यादी कळली ती उलटीकडून वाचल्यावर. शेवटी जो प्रबंध लिहायचा असतो तो काय प्रकार आहे हे एकदा समजलं, की आधीच्या अटी कशासाठी आहेत ते उलगडत जातं. म्हणून इथेही प्रबंधापासूनच सुरुवात करणार आहे. पण त्याआधी ‘ऑनर्स’ या शब्दाचा घोळ निस्तरू.

## शब्द एक, अर्थ देशागणिक वेगळा

साध्या पदवीपेक्षा एका विषयात जास्त खोल जाऊन केलेली पदवी, एवढा अर्थ सगळीकडे सारखा. पुढचं सगळं बदलतं.

इंग्लंडमध्ये बहुतेक विद्यार्थी तीन वर्षांत ऑनर्सच करतात. ७० टक्क्यांपासून पुढे फर्स्ट, ६० ते ६९ अप्पर सेकंड, अशा श्रेणी असतात. स्कॉटलंडमध्ये त्याच पदवीला चार वर्षं लागतात, आणि तिथल्या जुन्या विद्यापीठांत कलाशाखेच्या या पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात, त्यामुळे बाहेरचा माणूस हमखास फसतो. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची पदवी हातात आल्यावर ऑनर्सचं वेगळं चौथं वर्ष असतं आणि त्यातला मोठा भाग प्रबंधात जातो. अमेरिकेत पदवी मुळातच चार वर्षांची. ज्यांची गुणांची सरासरी विभागाने ठरवलेल्या रेषेच्या वर आहे आणि ज्यांचा प्रबंध मंजूर होतो, त्यांच्या पदवीवर विभागाचा ऑनर्स नोंदवला जातो. ऑक्सफर्डमध्ये तर निव्वळ तत्त्वज्ञान हा एकच विषय घेऊन पदवी करताच येत नाही. राज्यशास्त्र व अर्थशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र असा कुठला तरी जोडीदार घ्यावाच लागतो. मला ही अट फार पटते, कारण तत्त्वज्ञानाला प्रश्न विचारायला समोर काहीतरी लागतंच.

आपल्याकडे दिल्ली आणि कोलकात्याच्या विद्यापीठांत तीन वर्षांची ऑनर्स पदवी पूर्वापार होती. पुण्याकडे ज्याला ‘स्पेशल’ विषय म्हणायचे, त्याच्या जवळपासचा हा प्रकार. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा नवा आराखडा जाहीर केला आणि ऑनर्स हा शब्द चौथ्या वर्षाला चिकटला. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट मिळवले की पदवी, चार वर्षांत किमान १६० मिळवले की ऑनर्स. काही विद्यापीठांत सत्राला २० ऐवजी २२ क्रेडिट असतात, तिथे आठ सत्रांची बेरीज १७६ होते.

क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, हे कामाच्या तासांचं माप आहे. आयोगाच्या हिशेबात एका सत्रातले वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे वाचन-लेखन धरून एकूण दहा तासांचा अभ्यास, म्हणून तिथली तीन वर्षांची ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. एका पट्टीवर इंच आहेत, दुसरीवर सेंटिमीटर.

१६० पैकी किमान ८० क्रेडिट मुख्य विषयाचे, म्हणजे आपल्या बाबतीत तत्त्वज्ञानाचे. उरलेल्यांत दुय्यम विषय, इतर शाखांचे पेपर, भाषा, कौशल्यं, इंटर्नशिप हे सगळं येतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचं संशोधन घेता येतं आणि पदवीवर ‘संशोधनासह ऑनर्स’ असं लिहून येतं. बाकीचे त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन जास्तीचे पेपर घेतात. तेही ऑनर्सच.

## आता प्रबंध: थांबलेल्या घड्याळापासून

पदवीचा प्रबंध साधारण आठ ते पंधरा हजार शब्दांचा असतो, विभागाप्रमाणे कमी-जास्त. एक प्रश्न, एक मार्गदर्शक, आणि त्या प्रश्नाला स्वतः दिलेलं उत्तर.

समजा विद्यार्थिनी म्हणाली, ‘मला ज्ञान म्हणजे काय यावर लिहायचंय.’ मार्गदर्शक नाही म्हणणार नाहीत, पण तिला परत पाठवतील. हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. समुद्रात उतरायचंय असं म्हणणं वेगळं आणि कुठल्या किनाऱ्यावरून कुठल्या खडकापर्यंत पोहायचंय ते सांगणं वेगळं.

ती वाचायला लागते. तिला एक जुनी व्याख्या सापडते, जी प्लेटोनेही एका संवादात तपासून पाहिली होती: एखादी गोष्ट मी खरी मानते, ती प्रत्यक्षातही खरी आहे, आणि ती मानायला माझ्याकडे योग्य कारण आहे, तर ते माझं ज्ञान. ऐकायला निर्दोष वाटतं. मग तिच्यासमोर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने दिलेलं घड्याळाचं उदाहरण येतं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, काटे चारवर थांबलेत. मला ते माहीत नाही. मी वर बघते आणि म्हणते, चार वाजले. आणि योगायोगाने त्या क्षणी खरंच चार वाजलेले असतात. मी मानलं ते खरं, कारणही रास्त, कारण वेळ कळायला माणूस घड्याळच बघतो. पण वेळ मला ‘माहीत होती’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

१९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकी प्राध्यापकाने याच धर्तीची दोन उदाहरणं देऊन जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला. त्या तीन पानांनी ही व्याख्या जी हलली ती अजून स्थिर झालेली नाही.

विद्यार्थिनी आणखी वाचते आणि आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडितापाशी पोहोचते. त्याचं उदाहरण असं: कुणीतरी मांस भाजायला आत्ताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही. मांसाच्या वासाने माश्यांचा थवा वर घोंघावतोय. लांबून बघणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग खरंच आहे. पण त्याला ती कळली का?

गेटियरच्या लेखाआधी जवळजवळ बाराशे वर्षं हे लिहिलं गेलंय. इथे तिच्या हाती प्रश्न लागतो: धर्मोत्तराचा माणूस आणि घड्याळ बघणारी मी, दोघांचं चुकतं ते एकाच ठिकाणी का? घड्याळ बघण्यात पद्धत ठीक होती, साधन बिघडलेलं होतं. माश्यांना धूर समजण्यात हेतूच, म्हणजे ज्याच्या आधारावर अनुमान केलं ती खूणच, खोटी होती. हा फरक महत्त्वाचा आहे की वरवरचा? एवढ्या लहान प्रश्नावर पंधरा हजार शब्द अपुरे पडतात.

आता बघा, हा प्रश्न नीट सोडवायला तिला काय काय यावं लागेल.

## तर्कशास्त्र सक्तीचं का?

चार पत्ते टेबलावर ठेवलेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. दिसतंय ते असं: अ, क, ४, ७. नियम सांगितलाय: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला गेलाय की नाही हे ठरवायला कुठले पत्ते उलटून बघणं गरजेचं आहे?

पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

मानसशास्त्रज्ञ पीटर वासन यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही चाचणी आहे आणि तिच्यात बहुसंख्य लोक चुकतात. बरेच जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावं याबद्दल नियम काही बोलतच नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम तिथल्या तिथे मोडतो.

आपलं मन आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारा पत्ता शोधतं, मोडू शकणारा पत्ता टाळतं. तर्कशास्त्राचा पेपर ही सवय मोडायला असतो. आणि वरच्या प्रबंधाकडे परत बघा: ‘जे जे खरं आणि सकारण मानलेलं, ते ते ज्ञान’ हा नियम, आणि थांबलेलं घड्याळ हा ७ चा पत्ता. प्रतिउदाहरण कशाला म्हणायचं, त्याने नेमकं काय पडतं आणि काय शाबूत राहतं, हे ज्याला कळत नाही त्याला गेटियरची तीन पानं कळायची नाहीत.

‘मग गणित यायला हवं का?’ ही भीती अनेकांना या विषयापासून लांब ठेवते. आकडेमोड जवळपास नसते. ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, ‘सर्व’, ‘काही’ यांना चिन्हं दिलेली असतात आणि त्यांचे नियम पाळायचे असतात. १८७९ मध्ये जर्मन गणितज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी पाया घातलेलं हे शास्त्र आहे. आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन परंपरेत, हेच काम वेगळ्या अंगाने झालंय: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असं पाच पायऱ्यांचं अनुमान, आणि हेतू कुठे कुठे फसतो याची, म्हणजे हेत्वाभासांची, मोठी वर्गवारी. धर्मोत्तराच्या माश्या समजून घ्यायला ही परिभाषा लागतेच. पहिला महिना जड जातो, मग हात बसतो.

## जुने ग्रंथ कशाला?

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी न्यूटनचा मूळ ग्रंथ न वाचता उत्तम भौतिकशास्त्रज्ञ होतो. मग तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं १६४१ चं आणि कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं १७८१ चं पुस्तक मुळातून का वाचायचं?

बुद्धिबळ आठवा. नियम एका दुपारी शिकता येतात. पण जुने डाव न बघितलेला खेळाडू पाचव्या-सातव्या खेळीला अशा सापळ्यात सापडतो, जो शंभर वर्षांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. तत्त्वज्ञानात आपल्याला सुचलेली भन्नाट कल्पना बहुतेक वेळा कुणीतरी मांडून गेलेलं असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ती पाडलेलीही असते. म्हणून प्राचीन ग्रीक, देकार्त ते कांट, आणि भारतात न्याय, बौद्ध, वेदान्त, चार्वाक यांतलं काही ना काही सक्तीचं असतं.

पण जुन्या ग्रंथांतून मिळणारी माहिती ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे वाचायची रीत. एका तासात एक पान, असा वेग पहिल्यांदा अपमानास्पद वाटतो. वाक्य थांबवून विचारायचं: हा दावा आहे की कारण? कशासाठी दिलंय? ‘म्हणून’ हा शब्द इथे खरंच म्हणून आहे का?

आणि आपल्या शास्त्रग्रंथांकडून शिकायची एक गोष्ट तर प्रत्येक प्रबंधात दिसायला हवी: पूर्वपक्ष. स्वतःचं मत मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, आणि ते असं मांडायचं की विरोधकाने वाचलं तर त्याने मान डोलवावी. लेचापेचा पूर्वपक्ष उभा करून तो पाडला तर परीक्षकाला ते पहिल्या पानावरच दिसतं. ऑनर्सच्या सगळ्या अटींमध्ये कागदावर कुठेच न लिहिलेली, पण मला सगळ्यात मोलाची वाटणारी अट हीच.

नीतिशास्त्र, सत्तामीमांसा (मुळात काय अस्तित्वात आहे याचा विचार), राजकीय तत्त्वज्ञान हे पेपर म्हणजे प्रश्नांची वेगवेगळी शेतं आहेत. आपला प्रश्न कुठल्या शेतात उगवणार हे दुसऱ्या वर्षापर्यंत कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळीकडे एकदा फिरवून आणतात.

## ‘शेवटी आपापलं मतच ना?’

ही शंका सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते आणि ती रास्त आहे. मतावर मार्क कसे देणार?

देत नाहीत. एकाच वर्षी दोन प्रबंध येऊ शकतात, एकाचा निष्कर्ष ‘मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे’ आणि दुसऱ्याचा ‘नाही’, आणि दोघांनाही उत्तम श्रेणी मिळू शकते. तपासलं जातं ते मधलं काम: प्रश्न नेमका आहे का, शब्द एकाच अर्थाने वापरलेत का, कारणांवरून निष्कर्ष निघतो का, सगळ्यात ताकदीच्या आक्षेपाला तोंड दिलंय की वळसा घातलाय. पुलाच्या अभियंत्याला आपण विचारत नाही की पूल पूर्वेकडे नेलास की पश्चिमेकडे. तो वजन पेलतो का ते बघतो.

माझ्या पहिल्या मसुद्याच्या समासात मार्गदर्शकांनी पेन्सिलने अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: ‘का?’ निष्कर्षाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांतल्या सात ठिकाणी माझ्याकडे उत्तर होतं, मी ते लिहिलंच नव्हतं. उरलेल्या चार ठिकाणी उत्तरच नव्हतं, आणि प्रबंधाचं खरं काम त्या चार जागांपासून सुरू झालं.

## ‘नवं काय शोधणार? आणि यंत्राकडून लिहून घेतलं तर?’

पदवीच्या विद्यार्थ्याकडून जगाला हलवणाऱ्या शोधाची अपेक्षा नसते. दोन लेखकांमधला आजवर नीट न दाखवलेला फरक दाखवला, एखाद्या प्रसिद्ध युक्तिवादातली एक न सांगितलेली गृहीत गोष्ट उघडी केली, तरी ते अस्सल संशोधन आहे. इथे प्रयोगशाळा म्हणजे ग्रंथालयातलं टेबल आणि महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा लिहिलेले मसुदे.

यंत्र लेख लिहून देतं, तोही सफाईदार. म्हणूनच मला मौखिक परीक्षेचं महत्त्व वाढलेलं दिसतं. बऱ्याच ठिकाणी प्रबंधानंतर दोन-तीन परीक्षक समोर बसवून विचारतात: तुमच्या युक्तिवादातला सगळ्यात कच्चा दुवा कोणता? हे उदाहरण जरा बदललं, घड्याळ बंद नसून एक तास मागे असतं, तर तुमचं उत्तर बदलेल का? ज्याने ते चार ‘का?’ स्वतः अंगावर घेतलेत तो क्षणभर थांबतो आणि बोलायला लागतो.

## ७५ टक्क्यांची रेषा

इथे मला स्पष्ट बोलायचंय. सहा सत्रांच्या सरासरीवर संशोधनाचं दार उघडणं किंवा बंद करणं या विषयाला मानवत नाही. पहिल्या वर्षी कौशल्याच्या किंवा भाषेच्या पेपरात गुण कमी पडले म्हणून तिसऱ्या वर्षी ज्ञानमीमांसेत चमकणारा विद्यार्थी बाहेर राहू शकतो. मार्गदर्शकांची संख्या मर्यादित असते, कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे मान्य. पण मुख्य विषयातले गुण आणि एक लेखी प्रस्ताव बघून निवड केली तर ती जास्त न्याय्य होईल असं माझं ठाम मत आहे.

ज्यांचं दार बंद झालं त्यांनी खचू नये. तीन जास्तीच्या पेपरांपैकी एखाद्यात दीर्घ निबंध असतो का ते बघा आणि तो प्रबंधासारखाच लिहा.

## ‘चौथं वर्ष करून पुढे काय?’

नियमांच्या बाजूने उत्तर सोपं आहे. चार वर्षांची पदवी झाली की पुढचं एम.ए. एका वर्षात करता येतं. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत एकूण ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं. मधेच थांबावं लागलं तर तीन वर्षांची पदवी हातात राहते.

नोकरीच्या बाजूने कुणी छातीठोक आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नका. तत्त्वज्ञानाची पदवी एका ठरावीक नोकरीचा परवाना देत नाही. कायदा, पत्रकारिता, प्रशासन, अध्यापन, संपादन यांत लागणारं काम, म्हणजे लांब मजकुरातून मुद्दा काढणं आणि समोरच्याची बाजू नीट मांडून मग उत्तर देणं, ती रोज करून घेते. त्याच्या जोडीला दुय्यम विषय विचारपूर्वक निवडा: अर्थशास्त्र, संगणकशास्त्र, संस्कृत, मानसशास्त्र, ज्यात तुमचे प्रश्न उगवतात तो.

प्रवेश घेण्याआधी एकदा विभागात जाऊन या. मार्गदर्शन करणारे शिक्षक किती आहेत आणि त्यांचा स्वतःचा अभ्यास कशात आहे ते विचारा. मग गेल्या वर्षीचा एखादा प्रबंध बघायला मागा. तो मिळाला की निष्कर्षाचं पान सोडून द्या. पूर्वपक्ष जिथे मांडलाय ते पान उघडा आणि तिथेच खुर्चीत बसून सावकाश वाचा.